पडू देणे

मे महिना सरत येतो, पाऊस केरळात पोहोचल्याची वार्ता येते, आणि त्याच सुमारास मुंबईच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी आणखी एक बातमी छापून येते. शहराच्या जुन्या भागातील अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पावसाळ्यापूर्वी पाहणी करून ही यादी काढते. कधी तीत जेमतेम पंधरावीस इमारती असतात, तर २०२५ साली त्यांची संख्या शंभराच्या जवळ जाऊन पोहोचली होती. ही यादी आम्ही निधनवार्तांप्रमाणे वाचतो. ओळखीचे कुणी आहे का, हे पाहत पाहत बोट खाली सरकत जाते.

आमची इमारत अजून त्या यादीत आलेली नाही. यामुळे आम्हांला हायसे वाटायला हवे. खरे सांगायचे तर तसे पुरते वाटत नाही. सुटकेच्या निःश्वासाखाली कुठेतरी एक बारीकशी निराशाही असते : म्हणजे यंदाही काही होणार नाही! आपल्या जन्मघराचे नाव धोकादायक इमारतींत नाही, याबद्दल माणसाला निराशा वाटावी, ही गोष्ट साधी नव्हे. ती निराशा आमच्या मनात कशी शिरली, आणि तिच्यात आमचा स्वतःचा वाटा किती, हे तपासून पाहावे म्हणून हे लिहावयास घेतले आहे.

चाळ माझगावची, तीन मजल्यांची, दुसऱ्या महायुद्धापूर्वीची. जिने लाकडी, तुळया सागवानी, पुढे लांबच लांब सामाईक गॅलरी आणि प्रत्येक मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. आमचा जन्म तिथला. पुढे चारचौघांप्रमाणे आम्हीही पश्चिम रेल्वेची वाट धरली आणि वसईला राहावयास गेलो. पण खोली सोडली नाही. भाडेपावती अजून आईच्याच नावाने फाटते, भाडे आम्ही नेमाने भरतो, ते महिना शंभर रुपयांच्याही आत आहे, आणि खोलीला कुलूप आहे. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली तीन टेकू उभे आहेत. ते लावले तेव्हा तात्पुरते म्हणून लावले होते. त्याला वीस वर्षे होऊन गेली. आता त्यांतल्या एकाला दोरी बांधून पहिल्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालतात, दुसऱ्याला नाताळात तारा टांगला जातो. ते टेकू आहेत, हेच आता कुणाच्या ध्यानात येत नाही.

जुनी इमारत कोसळते तेव्हा तिला कुणी पाडलेले नसते. म्हणून चौकशीत दोषी सहसा सापडत नाही. सापडतो तो कागदांचा ढीग. अमुक साली नोटीस दिली, तमुक साली स्मरणपत्र पाठविले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ढिगारा अजून उपसला जात होता, आणि पडलेला भाग मूळ उपकरप्राप्त इमारतीचा की मागाहून जोडलेला अनधिकृत, तो कुणाच्या अखत्यारीत येतो, हा वाद उभा राहिला होता. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न रास्तच होता. पण 'हे कुणाचे?' हा प्रश्न घर उभे असताना कुणी इतक्या तातडीने विचारलेला नसतो.

पडू देणे ही कृती आहे काय? असेल तर तिचा कर्ता कोण? नीतिशास्त्रात 'करणे' आणि 'होऊ देणे' यांत भेद करण्याची जुनी रीत आहे, आणि तो भेद निरर्थक नाही. बुडणाऱ्याला हात न देणारा आणि त्याला पाण्यात लोटणारा यांना आपण एका मापाने मोजत नाही. तथापि मिस्साच्या आरंभी आपण जी पापकबुली देतो तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या पंक्तीला न केलेल्या कर्तव्यालाही बसविलेले आहे. लहानपणी आम्हांला ते शेवटचे पद पुरवणीसारखे वाटे. जी गोष्ट घडलीच नाही तिची कबुली द्यायची कशी? पुढे वय वाढल्यावर कळले, की न केलेली गोष्ट नाहीशी होत नाही. ती ओल होऊन भिंतीत मुरत राहते.

आमच्या लहानपणी चाळीत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : मालक लोभी आहे. हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले की ते तपासण्याची गरज कधी वाटली नाही. आता तपासू लागल्यावर ते अर्धेच उरते. युद्धकाळात आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला, जागा मिळेनाशा झाल्या, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. त्या कायद्याने असंख्य गरिबांच्या डोक्यावरचे छप्पर वाचविले. आमच्या आजोबांचेही त्यानेच वाचविले, हे आम्ही विसरणार नाही. पण गोठलेले भाडे पुढे वितळलेच नाही. सिमेंट, लाकूड, गवंड्याची मजुरी सारे वाढत गेले आणि भाडे होते तिथेच राहिले. पन्नास वर्षांनी, १९९७ च्या डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला, तो २००० पासून अमलात आला, आणि त्यान्वये वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली. चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे एक रुपया साठ पैसे. तेवढ्यात आज एक वीटही येत नाही. मालकाची दुसरी मिळकत होती ती पागडीची. ती पावतीशिवाय घेतली जाई आणि तिच्यातून जिन्याला एक खिळाही ठोकला गेल्याचे आम्ही पाहिलेले नाही. तेव्हा त्याला अगदीच निष्पाप ठरविण्याचे कारण नाही. पण तोट्याच्या वस्तूची निगा वर्षानुवर्षे राखावी, अशी अपेक्षा कायद्याने त्याच्याकडून केली, आणि आम्ही भाडेकरूंनी ती अपेक्षा नैतिक मानली, हेही खरे.

साठीच्या दशकात पावसाळ्यात इमारती पडून माणसे मरू लागली, तेव्हा राज्याने १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा केला. शहराच्या जुन्या भागातील भाड्याच्या इमारतींवर उपकर बसविला, तो मुख्यतः भाडेकरूंनी भरायचा, त्यात शासनाने आणि महापालिकेने आपला वाटा घालायचा, आणि त्या निधीतून मंडळाने दुरुस्ती करायची. आरंभी अशा इमारती १९,६४२ होत्या. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले. या कायद्याविषयी आम्हांला आदर आहे. खासगी घराचे छप्पर गळते ही साऱ्या शहराची चिंता आहे, असे एखाद्या राज्याने कायद्यात लिहून ठेवावे, हे लहान काम नव्हे. मात्र त्याच्या आतली रचना पाहिली की मन खट्टू होते. मंडळाने चौरस मीटरमागे ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करायचा. ही मर्यादा वाढत आली, पण महागाईच्या मागून धापा टाकीत. खर्च तिच्यापुढे जाणार असेल तर वरची रक्कम भाडेकरूंनी भरावी, एरवी इमारत दुरुस्तीपलीकडची ठरायची. आणि दुरुस्ती झालेल्या इमारतीला उपकराचा दर न झालेलीपेक्षा अधिक! हिशेब म्हणून त्यात तर्क असेल. पण घर नीट करून घेणाऱ्यानेच अधिक भरावे, ही शिकवण लोकांनी बरोबर उचलली.

अशा रीतीने एका छपराखाली तीन जबाबदार उभे राहिले. मालक म्हणे, मला भाडे मिळत नाही. भाडेकरू म्हणे, मी उपकर भरतो. मंडळ म्हणे, मर्यादा संपली. तिघेही खरे बोलत आणि कौले गळत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खासगी मालकीचे समर्थन करताना जी कारणे दिली त्यांतले पहिले असे, की स्वतःच्या वस्तूची काळजी माणूस अधिक घेतो. जे पुष्कळांचे असते त्याचे कष्ट ज्याने त्याने दुसऱ्यावर ढकललेले असतात, जसे घरात नोकर फार झाले की होते. हे त्यांचे निरीक्षण आमच्या चाळीच्या जिन्यावर बसून केल्यासारखे आहे. पण तेच संत पुढे सांगतात की वस्तूचा उपयोग घेताना माणसाने ती केवळ आपली मानू नये, गरजवंतासाठी ती मोकळी ठेवावी. म्हणजे मालकी ही मुळात निगेसाठी आहे. मुंबईच्या चाळीत याच्या उलटे झाले. निगा कुणाचीच राहिली नाही, आणि मालकी मात्र सर्वांची झाली. मालकाची, पागडीवाल्याची, कुलूप लावून बसलेल्याची.

येथवरचा दोष दुर्लक्षाचा होता. दुर्लक्ष वाईट, पण त्यात लोभ नव्हता. तो १९९१ नंतर आला. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने जुन्या उपकरप्राप्त इमारती पाडून नव्या बांधणाऱ्यास वाढीव चटईक्षेत्र देऊ केले. सत्तर टक्के भाडेकरूंनी संमती द्यावी, बांधणाऱ्याने त्यांना मालकी हक्काने विनामूल्य घरे द्यावीत, आणि उरलेली जागा बाजारभावाने विकून आपला खर्च व नफा काढावा. पूर्वी घराचे किमान क्षेत्र २२५ चौरस फूट होते, पुढे ३०० झाले. संमतीची अट २०१८ च्या नियमावलीत ५१ टक्क्यांवर आली. शासनाच्या तिजोरीवर भार नाही, भाडेकरूला घर, मालकाला मोल, बिल्डरला नफा. कागदावर या योजनेत कुणाचेच नुकसान नाही, आणि आम्ही तिला वाईट म्हणत नाही. तिचा एक परिणाम मात्र कुणी फारसा मोजला नाही. तिने पडझडीला भाव आणला. जे घर काल कुणालाच नको होते ते आज सर्वांना हवे झाले, पण घर म्हणून नव्हे. ते जितके खिळखिळे तितकी संमती लवकर, तितकी परवानगी सुलभ. आणि दुरुस्ती करणे म्हणजे स्वतःच्या भाग्याला स्वतःच आडवे जाणे झाले.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गोदीत काम केलेले एक सुतार राहत. सारे त्यांना मिस्त्री म्हणत. पावसाळा संपला की ते कमरेला दोर बांधून मागच्या पन्हळीवर उतरत आणि भिंतीत, सज्जात रुजलेली पिंपळाची रोपे उपटून काढीत. पाखराने टाकलेले बी चुन्याच्या सांध्यात धरते आणि दोन पानांचे असते तेव्हा ते दोन बोटांनी निघते. पाच वर्षांनी त्याला पहार लागते, पंधरा वर्षांनी ते काढायचे तर भिंतच उतरवावी लागते. हे मिस्त्रींनी आम्हांला शिकविले होते. हे काम त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्याचे पैसे कुणी दिले नव्हते. शेवटी शेवटी, बिल्डरांची माणसे फेऱ्या घालू लागल्यावर, चाळीतली मंडळी त्यांना खालून हाक मारीत : "मिस्त्री, आता कशाला चढता? दोन वर्षांत सगळं जाणारच आहे." मिस्त्री काही उत्तर देत नसत. २००६ साली ते वारले. मागच्या भिंतीवरच्या पिंपळाचे खोड आज मनगटाएवढे आहे, आणि त्याची सावली खालच्या नळावर पडते. त्याखाली पाणी भरणाऱ्या बायका म्हणतात, बरे वाटते.

हाक मारणाऱ्यांत आम्ही नव्हतो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आम्ही त्याहून अधिक केले, म्हणजे त्याहून कमी केले. आमच्या कुलूपबंद खोलीतल्या मोरीची जोडनळी कधीतरी फुटली. वरच्या मजल्याचे पाणी त्याच नळीतून उतरते, ते आमच्या मोरीखाली झिरपू लागले. खालच्या खोलीत एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्या मुलासह राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो, त्यांच्या मांडीवर आम्ही खेळलो आहोत. त्यांच्या मुलाने पहिल्या पावसाळ्यात आम्हांला दूरध्वनी केला. आम्ही म्हणालो, येतो. दुसऱ्या वर्षी म्हणालो, बिल्डरची सभा होऊ दे, काय ठरते ते पाहू, उगाच दहापंधरा हजार घालून काय उपयोग. तिसऱ्या वर्षी आम्ही दूरध्वनी उचलला नाही. त्या श्रावणात त्यांच्या छताचा गिलावा, परातीएवढा, त्यांच्या खाटेवर पडला. काका तेव्हा गॅलरीत दाढी करीत होते. कुणाला काही झाले नाही.

कुणाला काही झाले नाही, हे वाक्य आम्ही त्यानंतर पुष्कळ दिवस मनाशी घोळवीत होतो. त्यानेच आम्हांला अस्वस्थ केले. गिलावा पडण्यात आणि न पडण्यात आमच्या हातून काहीच वेगळे घडले नसते. काका खाटेवर असते तरी आम्ही वसईत चहाच पीत असतो. मग आमचा अपराध काकांच्या दाढीच्या वेळेवर अवलंबून कसा? आम्ही जे केले, म्हणजे केले नाही, ते दोन्ही प्रकारे एकच होते. आणि आमच्या न करण्यामागे हिशेब होता. आम्ही विसरलो नव्हतो, आम्ही थांबलो होतो. मिळणाऱ्या तीनशे फुटांसाठी आम्ही आमच्या खोलीला कुजू देत होतो, आणि ती कुज दुसऱ्याच्या डोक्यावर होती.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःवरच घेतो. जुन्या चाळींविषयी हळहळ वाटणे हे बहुधा चाळ सोडून गेलेल्यांना परवडते. दीडशे फुटांच्या खोलीत तीन पिढ्या, रात्री संडासाला जायला तरुण मुलीने आईला उठवायचे, बाळंतिणीला लाकडी जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवायचे, हे ज्यांना रोज करावे लागते त्यांनी कौलांची आणि कठड्यांची आरास राखावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोल्या १६० चौरस फुटांच्या. त्यांच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टात वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. त्या किल्ल्या हातात घेणाऱ्या म्हाताऱ्यांची छायाचित्रे आम्ही पाहिली. त्यापुढे तक्रारीचा शब्द काढू नये. भेंडीबाजारात २००९ पासून एका विश्वस्त संस्थेने सुमारे साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास हाती घेतला, आणि तिथल्या नव्या मनोऱ्यांत लोक राहावयास गेले आहेत. दुरुस्ती हाच धर्म आणि पाडणे हे पाप, असे आमचे म्हणणे नाही. काही घरे पाडलीच पाहिजेत.

पण त्याच भेंडीबाजारात, त्याच योजनेच्या हद्दीत, ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया रस्त्यावरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती पाडायचीच होती. तिच्यातली काही कुटुंबे तात्पुरत्या जागेत हलली होती, काही अजून राहत होती. जुने संपलेले आणि नवे न आलेले असा जो काळ असतो, त्याची कोणत्याही योजनेत नीट तरतूद नसते, कारण तो काळ प्रत्येकाला लहानच वाटत असतो. दोन वर्षांत सगळं जाणारच आहे! संक्रमण शिबिरांत एक पिढी जन्मून वयात आल्याची उदाहरणे मुंबईत थोडी नाहीत. १९८५ साली पंतप्रधानांनी मुंबईसाठी १०० कोटींचे अनुदान जाहीर केले होते. त्यातून पडझड झालेल्या कित्येक इमारती नव्याने बांधल्या, आणि म्हाडाने त्या काळात बांधलेल्या अशा अनेक इमारती आज स्वतःच पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत. त्यांनाही कुणी राखले नाही. नवे घर मिळाले, निगा मिळाली नाही.

हा वाद एकदा देशाच्या सर्वोच्च व्यासपीठावरही गेला. म्हाडा कायद्यात १९८६ साली एक प्रकरण घालण्यात आले. त्यान्वये उपकरप्राप्त इमारतीच्या सत्तर टक्के भाडेकरूंनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन संपादित करू शकत होते. चाळीस रुपये भाड्याच्या खोलीचे चार हजार! मालकांची संघटना १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. खासगी घर हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख) मध्ये म्हटलेले समाजाचे भौतिक साधन मानता येईल काय, हा प्रश्न पुढे नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताचा निर्णय आला की प्रत्येक खासगी मालमत्ता तशी मानता येणार नाही. वस्तूचे स्वरूप, तिची दुर्मिळता, तिचा समाजावर होणारा परिणाम हे पाहावे लागेल. निर्णय आम्हांला समंजस वाटतो. तथापि बत्तीस वर्षे चाललेल्या त्या वादाकडे चाळीच्या गॅलरीतून पाहिले, तर एक गोष्ट खटकते. इमारत कुणाची, याचे उत्तर मिळविण्यासाठी दोन्ही बाजूंनी अपार बुद्धी खर्च केली. आणि उत्तराची वाट पाहताना त्या बत्तीस पावसाळ्यांत पन्हळ कुणी साफ करायची, हे कुणाच्याच याचिकेत नव्हते. ते असायला नको होते, हे आम्हांला कळते. न्यायालये पन्हळी साफ करीत नाहीत.

गिरगावची खोताची वाडी सर्वांच्या परिचयाची आहे. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे लाकडी जिन्यांचे बंगले पाहायला परदेशातून माणसे येतात. एके काळी तेथे साठपासष्ट बंगले होते, आता निम्म्याहून कमी उरले आहेत. आमच्या माझगावच्या माथारपाखाडीचीही कथा फारशी निराळी नाही. तिथे भाडेकरूंचा तंटा नाही, घरात राहणारा तोच पुष्कळदा मालक, आणि जे बंगले टिकले ते अशाच घरांतल्या कुणा एका हट्टी माणसाने टिकविले. त्याला मिळते ते कौतुक. शेजारचा बंगला पाडू देतो त्याला मिळतात पैसे. कौतुकावर कौले बदलता येत नाहीत, आणि वारस पाच असले की हट्टाचीही पाच शकले होतात.

राज्याकडून आम्ही काही फार मोठे मागत नाही. २०२२ साली मंजूर झालेल्या दुरुस्तीने मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंना सहा महिने आणि त्यानंतर म्हाडाने पुढाकार घ्यावा, असा क्रम घालून दिला. निदान वाट पाहण्याला मुदत घातली, हे चांगले झाले. आमच्या मते आणखी दोन गोष्टी व्हाव्यात. ज्या दिवशी बिल्डर भाडेकरूची संमती लिहून घेतो त्या दिवसापासून इमारत उतरेपर्यंत तिचे टेकू, पन्हळी आणि नळ्या त्याच्या माथी असाव्यात. आणि जी चाळ पदरचे पैसे घालून स्वतःला सांभाळते तिचा क्रम पुनर्विकासात मागे न जाता पुढे यावा. आज सांभाळणारा हा मूर्ख ठरतो, तो तसा ठरू नये. कुलूपबंद खोल्यांविषयीही काही नियम हवा. तो काय असावा हे सुचविण्यास आम्ही लायक नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही माझगावला गेलो आणि मोरी खोदून घेतली. प्लंबर तरुण होता. त्याने लाद्या काढल्या, खालची तुळई बोटाने दाबून पाहिली, लाकूड बोटाखाली पावासारखे दबले. तो म्हणाला, "साहेब, बिल्डिंग तर जाणार आहे ना?" आम्ही म्हणालो, "जाईल तेव्हा जाईल." त्याने नवी नळी टाकली, कुजलेल्या तुळईला सुताराकडून लोखंडी पट्टी मारून घेतली, दोन दिवस काम चालले. अठरा हजार रुपये झाले. शेजारच्या दोघातिघांनी दारात उभे राहून पाहिले आणि काही न बोलता आत गेले.

काम संपल्यावर आम्ही खाली काकांकडे गेलो. काका खाटेवर बसले होते. खाट आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सरकविलेली होती. आम्ही म्हणालो, "काका, आता गळणार नाही. मोरी पूर्ण नवी करून घेतली." काका छताकडे पाहत राहिले. त्यांचा मुलगा स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून टॉवेलला हात पुसत बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे," त्याने हळूच विचारले, "बिल्डरचं बारगळलं का?"